कोऱ्या जागेतली बेरीज

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात जुन्या एलपींचा गठ्ठा चाळताना तो हाताला लागला. एका बाजूला कुठल्याशा हिंदी सिनेमाची रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूला आरत्यांची, आणि मधे हा बारा इंची पांढरा चौकोन. पांढरा म्हणजे एके काळी पांढरा. आता साय धरलेल्या दुधाच्या रंगाचा. मधोमध पोस्टाच्या तिकिटाहून थोडासाच मोठा फोटो. दोन तरुण, खांद्यांवर टॉवेल, चेहरे निर्विकार. आंघोळ उरकून चाळीच्या गॅलरीत चहाची वाट बघणारे भाडेकरू असावेत तसे. बाकी सगळी जागा मोकळी.

अगदीच मोकळी नव्हती म्हणा. उजव्या कोपऱ्यात कुणीतरी निळ्या बॉलपेनने तीन आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली होती. आपल्याकडे कोरी जागा फार दिवस कोरी राहत नाही.

रेकॉर्ड होती पेट शॉप बॉइज या ब्रिटिश पॉप जोडीची, १९८६ सालची, ‘प्लीज’. दुकानात जाऊन गिऱ्हाइकाने ‘पेट शॉप बॉइज, प्लीज’ असं मागावं, एवढ्याच गमतीसाठी ठेवलेलं नाव. मला या नावाचा हेवा वाटतो, कारण मराठीत ते जमलं नसतं. ‘कृपया’ हा शब्द आपण पाट्यांसाठी राखून ठेवलाय : कृपया शांतता राखा, कृपया चपला बाहेर काढाव्यात. तोंडाने मागताना आपण नुसतं ‘जरा’ म्हणतो, किंवा शेवटी एक ‘ना’ चिकटवतो. ‘जरा’ नावाची रेकॉर्ड कोण घेईल? पुढच्या वर्षीच्या रेकॉर्डचं नाव ‘अ‍ॅक्चुअली’. ते मात्र पुण्यात सहज खपलं असतं. इथे त्या शब्दाशिवाय कुणाचं वाक्यच सुरू होत नाही. तेव्हापासून आजतागायत त्यांच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमचं नाव एकाच शब्दाचं आहे.

कव्हर केलं होतं मार्क फॅरो या मँचेस्टरच्या डिझायनरने. आजवरची त्यांची बहुतेक कव्हरं त्याचीच. पण ही रिकामी जागा सोडायचं धाडस एकट्या त्याचं नसावं, असं मला वाटतं. जोडीतला एक, नील टेनंट, गायक होण्याआधी ‘स्मॅश हिट्स’ या पॉप मासिकात सहायक संपादक होता. मुखपृष्ठावर कुणाचे दात किती दिसले की अंक उचलला जातो, हे त्याने कार्यालयात बसून पाहिलेलं. मिठाईच्या दुकानात नोकरी केलेला माणूस पेढ्याला हात लावत नाही, तसं झालं असावं. दुसरा, क्रिस लो, लिव्हरपूलला वास्तुकला शिकत होता. मिल्टन कीन्समधल्या एका इमारतीचा जिना त्याने काढलेला आहे. भिंतीइतकंच मोल दोन भिंतींमधल्या जागेला असतं, हे त्याला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. दोघांची गाठ पडली १९८१मध्ये, लंडनच्या किंग्ज रोडवर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात.

जोडीचं चित्र काढणं तसं अवघड काम. एकटा माणूस चौकटीत मावतो, चौघांचं टोळकं होतं; दोघे आले की लगेच प्रश्न पडतो, यांचं आपसात काय? आपल्या सिनेमांनी तो प्रश्न टाळला. कव्हरवर नायक-नायिका, आणि संगीतकारांच्या वाट्याला कडेची एक ओळ. लहानपणी कितीतरी दिवस मी ‘लक्ष्मीकांत प्यारेलाल’ हे एकाच गृहस्थाचं नाव समजत होतो. पहिलं त्यांचं आणि दुसरं वडिलांचं. पेट शॉप बॉइजनी तो प्रश्नच चित्रात उभा केला. ‘वेस्ट एंड गर्ल्स’ या गाण्याच्या व्हिडिओत टेनंट लांब कोट घालून पुढे चालतो आणि लो दोन पावलं मागे, सोबत आल्यासारखा आणि नसल्यासारखाही. पुढे लोच्या डोक्यावर टोपी आली, डोळ्यांवर गॉगल आला. एक बोलणारा, एक न बोलणारा. मधलं अंतर मात्र कुणीच मिटवत नाही, आणि माझ्या लेखी त्यांची ओळख त्या अंतरातच आहे.

‘अ‍ॅक्चुअली’च्या कव्हरवर पुन्हा पांढरी पार्श्वभूमी. दोघेही डिनर जॅकेट आणि बो टायमध्ये. आणि सिंडी पाल्मानोने काढलेल्या त्या फोटोत टेनंट चक्क जांभई देतोय. हे कव्हर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपोआप चुटकी वाजवायला गेला. आमची आजी कुणाचीही जांभई चुटकीशिवाय जाऊ द्यायची नाही. उघड्या तोंडावाटे काय आत शिरेल याचा नेम नाही, असं तिचं म्हणणं. सगळ्या जगाने आपल्याकडे बघावं म्हणून छापलेल्या फोटोत बघणाऱ्याच्याच तोंडावर जांभई द्यायची! याला उर्मटपणा म्हणावा की प्रामाणिकपणा, याचा निकाल माझ्याच्याने अजून लागलेला नाही.

१९८८च्या ‘इन्ट्रोस्पेक्टिव्ह’वर चेहरेच गेले, उरले उभे रंगीत पट्टे. १९९३च्या ‘व्हेरी’ला कव्हर तरी कसं म्हणावं? तोवर सीडी आली होती, आणि सगळ्या सीडी त्याच त्या पारदर्शक डबीत विकल्या जात. डॅनिएल वाइल या डिझायनरने, ज्याने आधी पारदर्शक पिशवीतला रेडिओ केला होता, ती डबीच नारिंगी केली आणि तिच्यावर उठावाचे ठिपके आणले. डोळे मिटून कपाटात हात घातला तरी बोटांना ती सापडते. रांगोळीचे ठिपके जोडायचे राहून गेलेत असं मला दर वेळी वाटतं, आणि नाही जोडले तेच बरं असंही वाटतं. मधल्या काही कव्हरांवर मी फार बोलणार नाही. ती नीटनेटकी आहेत, इतकंच. २००९च्या ‘येस’वर मात्र फॅरोने नुसती बरोबरची खूण केली, अकरा रंगीत चौकोनांची. गाणीही अकराच. मास्तरांनी वहीवर अशी खूण केली की आम्ही दिवसभर ती वही मिरवत असू.

चोरबाजारातली ती रेकॉर्ड मी घेतली. घरी आल्यावर खोडरबराने बेरीज पुसायला बसलो, पण शाई फिकट होण्याऐवजी आजूबाजूचा पांढरा रंगच खरवडला जायला लागला, म्हणून थांबलो. नंतर कधीतरी सहज आकडे पडताळून पाहिले. बेरीज चुकलेली आहे, हातचा एक राहिलाय.

परवा पुतणी आली होती. तिच्या फोनवर मी हेच कव्हर दाखवलं. तिथे तो बारा इंची चौकोन मुळात तिकिटाएवढा, आणि त्यातला फोटो मुंगीएवढा. तिने दोन बोटांनी चित्र ताणलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं, तेव्हा कुठे ते दोघे दिसायला लागले.

“काका, हे आंघोळ करून आलेत की जाणार आहेत?”

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चष्मा शोधायला उठलो.