आधी दुकानदाराला सांगा

३ नोव्हेंबर
सकाळीच चिवड्याच्या कारखान्याचे मालक भाऊ यांचा फोन. चिवड्याच्या पाकिटात अळी निघाली, व्हिडिओ गावभर फिरतोय. पाहिला. अळी खोबऱ्याच्या कापावरून चालते आहे आणि मागून एक बाई म्हणतात, "हे आपण पोरांना डब्यात देतो." अळीपेक्षा हे वाक्य महागात पडणार. दिवाळीचा माल दुकानांत पोचलेला, त्यामुळे भाऊंच्या पोटात गोळा. पाकिटावरचा बॅच नंबर दिसतोय का, एवढंच मी विचारलं. दिसतोय.

दुपारी वकीलसाहेबांचा निवेदनाचा मसुदा आला. कारखान्यातून निघाला तेव्हा माल निर्दोष होता, दुकानातल्या साठवणुकीचा दोष असावा, वगैरे. कोर्टात चालेल. पण चिवडा विकतो कोण? ज्याच्या माथी खापर फोडायचं, तोच.

४ नोव्हेंबर
भाऊंना कॅडबरीची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २००३, दिवाळीच्या तोंडावर डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आपल्याच राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनीने बोट दाखवलं दुकानातल्या साठवणुकीकडे, प्रशासनाने वेष्टनाकडे. दोघांच्या वादात गिऱ्हाइकाने चॉकलेट घेणं कमी केलं. मग 'विश्वास' मोहीम निघाली. कंपनीची माणसं दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते समजावत फिरली. २००४च्या सुरुवातीला हवाबंद वेष्टन आलं, जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. लोकांच्या लक्षात राहिले अमिताभ. माझ्या मते खरं काम केलं त्या दुकानोदुकानी हिंडणाऱ्यांनी आणि नव्या वेष्टनाने. अमिताभनी ते लोकांपर्यंत पोचवलं.

भाऊ म्हणाले, "आपल्याला कुठला अमिताभ परवडतोय!"

५ नोव्हेंबर
कारखान्यात पॅकिंगला उभा राहिलो. सुपरवायझरने त्याच बॅचची ठेवणीतली पाकिटं आणून एकेक बादलीतल्या पाण्यात दाबलं. बरीच ठीक होती. एकाच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. फोडून पाहिलं तर सीलच्या पट्टीत कढीपत्त्याचं पान अडकलेलं. पानाच्या देठाएवढी फट, किड्याला तेवढी पुष्कळ. वकीलसाहेबांच्या मसुद्याचा प्रश्न तिथेच मिटला.

६ नोव्हेंबर
अन्न सुरक्षा अधिकारी येऊन गेले. नमुन्याचे चार भाग केले, सील केले, सह्या झाल्या. विश्लेषकाच्या अहवालाला कायद्याने चौदा दिवसांची मुदत. भाऊंचं म्हणणं, अहवाल येईपर्यंत गप्प बसू. मी म्हटलं, तोवर भाऊबीज होऊन जाईल, आणि आपण गप्प बसलो तरी व्हिडिओ बोलतच राहणार.

शेवटी क्रम ठरला. आधी भाऊंच्या स्वतःच्या आवाजातला निरोप सगळ्या वितरकांना: बॅच नंबर अमुक, विकू नका, माणूस येऊन उचलून नेईल. त्यापाठोपाठ सेल्सची पोरं दुकानांत. वर्तमानपत्रांना निवेदन संध्याकाळी. त्यात बॅच नंबर, सीलमधला दोष, पैसे परत आणि एक फोन नंबर, ज्यावर माणूस बोलेल, रेकॉर्डिंग नाही. 'ग्राहक हा आमचा देव' हे वाक्य मी तीनदा खोडलं, भाऊंनी तीनदा घातलं. चौथ्यांदा टायपिस्टनेच गाळलं.

७ नोव्हेंबर
भाऊ व्हिडिओतल्या त्या बाईंना चिवड्या-लाडवांची भेटपेटी पाठवायला निघाले होते. अडवलं, ती पेटी पुढच्या व्हिडिओत दिसली असती. त्याऐवजी त्यांनी फोन केला. बाई आधी तडकल्या, मग विचारलं, "सील तुम्ही स्वतः बघितलंत का?" भाऊंना हो म्हणता आलं, कारण रविवारी बादलीपाशी ते माझ्या शेजारीच उभे होते.

९ नोव्हेंबर, वसुबारस
सेल्सचा पोरगा सांगत होता, बाजारपेठेतले एक किराणावाले काका गिऱ्हाइकाने विचारायच्या आत पाकीट उलटं करून दाखवतात, "तो नंबर वेगळा, हा वेगळा." सगळीकडे असं नाही. दोन वितरकांनी माल परत दिला आणि पाडव्याआधी क्रेडिट नोट हवी म्हणून अडून बसलेत. भाऊ घासाघीस करताहेत. मी सांगितलं, आजच देऊन टाका. अकाउंटवाले म्हणतात, सोमवारी.