काटकसर कोणाच्या वाट्याची?

वाचकहो, घरातील वीज, पाणी, प्लास्टिक आणि अन्नाची नासाडी कमी करावी, हे आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. वर्तमानपत्रे ते सांगतात, शाळेतून आलेली नातवंडे सांगतात आणि आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांना चर्चमध्येही ते ऐकावयास मिळते. प्रश्न उरतो तो निराळाच. ही काटकसर घरातील नेमक्या कोणाच्या वाट्याला येते? ज्या घरात ऐंशी ओलांडलेले माणूस आहे, किंवा कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, तेथे हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो. आमच्या घराला त्याची जी उत्तरे सापडली, ती आपल्यापुढे ठेवते.

आम्ही अंधेरीजवळच्या मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. १९७३ साली सीप्झ उभे राहिले, त्याआधीची भातखाचरे त्यांच्या डोळ्यांपुढे अजून आहेत. सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या साथीनंतर ते ओस पडले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमच्यात ‘आगेरा’ साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद मागायचा, हा सुगीचा सण. शेते केव्हाच इमारतींखाली गेली, सण मात्र राहिला. त्यामुळे निसर्गाचे ऋण मानावे, हे आईंना नव्याने शिकवण्याची गरज नव्हती. बाटली मसाल्याचे नावच पाहा ना! एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या वाळवायच्या, मसाला कुटायचा आणि तो बिअरच्या रिकाम्या, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचा. काचेच्या त्या रंगामुळे मसाल्याला उजेड लागत नाही. ‘पुनर्वापर’ हा शब्द आमच्याकडे येण्यापूर्वीपासून ही बाटली आमच्या फडताळात आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ रोजी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक दिले. पृथ्वी हे आपले सामायिक घर आहे, हे त्याचे सूत्र. खाता येईल तेवढेच शिजवावे, पाणी जपावे, कचरा वेगळा करावा, नको असलेले दिवे मालवावेत, अशा साध्या कृतींचा त्यात गौरवाने उल्लेख आहे. वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर त्यांनी वारंवार टीका केली आणि आपण वस्तूंप्रमाणे वृद्धांनाही अडगळीत टाकतो, याचेही भान दिले. आजी-आजोबा व वृद्धांसाठी जुलैमधील चौथा रविवार पाळण्याची प्रथा त्यांनीच २०२१ साली सुरू केली. वसुंधरेची काळजी आणि वृद्धांची काळजी या एकाच संस्काराच्या दोन बाजू आहेत, हे मला येथे उमगले.

उपवास कोणी करावा?

प्रायश्चित्तकाळाच्या ४० दिवसांत एखादी सुखसोय सोडण्याची आमची रीत आहे. एका वर्षी माझ्या मुलाने सुचवले, की यंदा विजेचा उपवास करू. दुपारी एसी नको, पंखाही कमी आणि रात्री सगळे दिवे बंद. हेतू चांगला होता. पण हा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतो आणि मुंबईचा दमट उकाडा तेव्हाच चढू लागतो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम पुरेसा येत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे उष्म्याचा त्रास वाढू शकतो. वाचवलेली वीज अशा शरीराला फार महाग पडते.

मार्ग दाखवला तो आमच्या धर्मनियमानेच. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास सांगितलेला आहे, पण त्याचे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच असते. आजाऱ्यांना तर ते नाहीच. शतकानुशतकांच्या या परंपरेने वृद्धांना जी मोकळीक दिली, ती आपण विजेच्या उपवासात का काढून घ्यावी? तेव्हा ठरले, की त्याग धडधाकटांचा. शॉवर आम्ही चौघांनी सोडला आणि बादलीवर आलो. आईंचा एसी गरज असेल तेव्हा चालू राहिला. फक्त पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि संध्याकाळी वारा सुटला, की खिडक्या उघडू लागलो. शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा रात्रभर जळतो. दहा तासांच्या हिशेबाने महिनाभरात त्याचे पाव युनिटही होत नाही. अंधारात पाय घसरून खुब्याचे हाड मोडण्याच्या धोक्यापुढे ही वीज किती क्षुल्लक!

शिळ्याचा वाटेकरी

दुसरी गोष्ट आपल्या बहुतेक घरांत घडते, म्हणून मुद्दाम सांगते. अन्न वाया जाऊ नये म्हणून शिळे कोण खाते? घरातील सर्वांत वृद्ध स्त्री. रात्रीचा भात, सकाळची उरलेली आमटी आईंच्या ताटात गुपचूप जाई. त्यांना ते पुण्याचे काम वाटे. परंतु शिजवलेला भात आपल्या हवेत तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यात जंतू वाढतात, आणि पुन्हा तापवल्याने त्यांनी सोडलेले काही विष नष्ट होत नाही. जुलाब-उलट्यांनी तरुण माणूस दोन दिवसांत सावरतो. वृद्धांच्या शरीरातील पाणी व क्षार मात्र झपाट्याने घटतात.

आम्ही तांदूळ वाटीने मोजू लागलो आणि मापाची सूत्रे आईंच्याच हाती दिली. कोण जेवायला आहे, कोण नाही, हे त्या सकाळीच विचारतात. उरलेच, तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाते आणि दुसऱ्या दिवशी मुले ते नीट तापवून संपवतात. आईंसाठी ताजे, हा नियम. प्रथम त्या रागावल्या; “बाय, मला काय पाहुणी समजतेस?” म्हणाल्या. सूत्रे हाती आल्यावर राग निवळला. भाज्यांची देठे-साले खतासाठी वेगळी ठेवली जातात. तो डबा ढवळण्याचे काम मात्र आईंकडे नाही, कारण कुजणाऱ्या कचऱ्यातील बुरशीचे कण दम्याच्या रुग्णांना बाधू शकतात. त्या तयार खतावर वाढलेला गवती चहा खुडतात. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करणे हेही आमच्या नातवंडपिढीचे काम. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

ज्यावर बोलणे टाळले जाते

सासरे पक्षाघातानंतर चौदा महिने अंथरुणावर होते. तेव्हा डायपरचा प्रश्न आला. प्लास्टिकचा तो ढीग रोज पाहून मन खट्टू होई. जुन्या धोतराच्या घड्या वापराव्यात, असे कोणी सुचवी. पण ओले कापड अंगाखाली राहिले, की त्वचा सोलवटते आणि शय्याव्रणांना निमित्त मिळते. शिवाय माणसाची लाज राखणे हेही शुश्रूषेचेच अंग आहे. आम्ही मधला मार्ग काढला. डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसा दर दोन तासांनी, कूस बदलतानाच, लघवीचे भांडे द्यायचे. अंगाखाली धुता येणारे जाड पॅड. रात्री आणि बाहेर जाताना डायपर. दिवसाला पाच-सहा लागत, ते दोन-तीनवर आले. त्याहून कमी करण्याचा हट्ट आम्ही धरला नाही.

आणखी एक माणूस या साखळीत असतो, कचरा उचलणारा. असा कचरा नीट गुंडाळून वेगळा द्यायचा असतो. आम्ही डायपर कागदात घट्ट बांधून त्यावर लाल खूण करीत असू आणि इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड डब्यात साठवीत असू. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला जात आला. मुलुंडची कचराभूमी २०१८ साली बंद झाली. आपल्या दारातून गेलेले कोठेतरी कोणाच्या तरी हाती लागतेच. तो हात जपणे हीदेखील उदारता आहे.

देणारे हात

मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० साली एक प्रथा सुरू केली. स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ चर्चच्या कार्यासाठी बाजूला काढायचा. ती हकीकत ऐकल्यावर आईंनी आपल्याकडे एक डबा ठेवला. दोन वेळच्या दोन मुठी. महिन्याला जवळपास तीन किलो होतात. धर्मग्रामातील गरजू घरांकडे तो तांदूळ जातो. संधिवाताने आखडलेली ती मूठ उघडताना पाहावी! ज्या माणसाला दिवसभर सर्वांकडून घ्यावेच लागते, त्याला दिवसातून दोनदा देता येणे, हे औषधाइतकेच मोलाचे असते.

सासरे गेल्यावर चाकांची खुर्ची, वॉकर आणि कमोडची खुर्ची पाच महिने सज्जात उभी होती. कोणालाच त्यांचा विषय काढवत नव्हता. शेवटी आईच म्हणाल्या, “ह्यांची खुर्ची गंजून कोणाच्या कामाची?” आता त्या वस्तू रुग्णोपयोगी साहित्याच्या केंद्रात आहेत, गरजू नेतात, वापरतात, परत करतात. नवी खुर्ची न बनता चार घरांची गरज भागते, ही बचत आहेच. पण खुर्ची कोणाकडे गेली, हे आई दर वेळी विचारून घेतात आणि त्या रुग्णासाठी रात्री प्रार्थना करतात.

वाचकहो, आपल्या घरी असा एखादा बदल करावयाचा झाल्यास दोन प्रश्न अवश्य विचारा. यात सोसावे कोणाला लागणार आहे? आणि देण्याचा आनंद कोणाला मिळणार आहे? पहिल्याचे उत्तर ‘आम्हां धडधाकटांना’ आणि दुसऱ्याचे ‘आजी-आजोबांनाही’ असे आले, तर तो बदल निश्चिंतपणे करा. आपण स्वतःच वयोवृद्ध असाल, तर शिळ्या भाताचा आग्रह सोडा आणि मापाची वाटी हाती घ्या. घराला आपल्या त्यागापेक्षा आपल्या जाणतेपणाची अधिक गरज आहे.