ज्याच्या हाती लिंक

डेंग्यू उतरला, पण पायांत जीव नव्हता. खाली रानडे रोडवर खरेदीची झुंबड, आणि मी पडल्या पडल्या ऑफिसच्या फायली चाळत होते. दुखण्यात एरवी न दिसणारं दिसतं म्हणतात.

एका अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत गोल होता: 'अनॉनिमस कॅपिबारा'. लॉगिन न करता आलेल्या पाहुण्याला गूगल डॉक्स असं एखाद्या प्राण्याचं नाव देतं. फाइल 'लिंक असलेल्या कुणालाही' खुली असली की असे पाहुणे येणारच. लिंक पुढे कुणी कुणाला धाडली, हे काही कळत नाही.

आमच्या चाळीत घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असायची. ती कुणाच्या हातात द्यायची हे त्या तोंड बघून ठरवत. लिंक तोंड बघत नाही.

'रिस्ट्रिक्टेड' केलं की नावानिशी जोडलेलेच आत येतात, बाकीच्यांनी परवानगी मागायची. कटकट वाढते, पण ऑफिसात मला तेच बरं वाटतं. फोल्डर खुला केला तर आतलं सगळंच आपसूक खुलं. शिवाय नुसतं वाचायला दिलेला माणूसही, डाउनलोड बंद केलं नसेल तर, प्रत उतरवून घेतो. मग कुलूप लावून काय उपयोग?

फाइल कुणाकुणाला खुली आहे त्याची यादी बघताना नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याचा खासगी जीमेल दिसला, अजून 'एडिटर'. काढायलाच हवा. आधी फोन करून सांगावं का त्याला? की उगाच लागेल मनाला?