टॅब गोठला, नोंदी कोठे आहेत?

व्यापारी पेढीवर पूर्वी एक नोंद तीन ठिकाणी होत असे. गिऱ्हाईक समोर उभे असताना ती कच्च्या वहीत पडे, दिवेलागणीनंतर रोजमेळात उतरे आणि पुढे सवडीने खतावणीत जाई. रोजमेळ लिहून होण्यापूर्वी कच्ची वही हरवली तर त्या दिवसाचा व्यवहारच हरवे. रोजमेळ झाल्यानंतर तीच वही रद्दीत गेली तरी कोणास चिंता वाटत नसे. नोंद या क्षणी कोणत्या वहीत आहे, हे मुनिमाला न विचारता ठाऊक असे. आज गल्ल्याशेजारी वहीच्या जागी टॅब आला आहे. नोंद त्यातही तीनच ठिकाणी असते. फरक इतकाच, की तिन्हींचे दर्शन एकाच काचेतून होत असल्याने ती वेगळी आहेत हे ध्यानात येत नाही.

टॅबमधील रॅम ही कच्ची वही. बोट फिरत असताना अक्षरे प्रथम तेथे उमटतात आणि वीज तुटताच पुसली जातात. आतील स्टोरेज हा रोजमेळ. बॅटरी पूर्ण उतरली तरी तेथील मजकूर राहतो. इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर पोहोचलेली प्रत ही खतावणी. 'फाइल सेव्ह झाली नव्हती' असे म्हणताना माणसे या तिन्हींची गल्लत करतात. पुष्कळदा मजकूर सर्व्हरवर गेलेला नसतो एवढेच. टॅबच्या पोटात तो शाबूत असतो. टॅब गोठल्याने सहसा पहिली वही जाते. दुसरी जाते ती बहुधा माणसाच्या हाताने.

तालुक्याच्या एका गावातील किराणा-भुसाराच्या घाऊक दुकानात दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात हा भेद फार महत्त्वाचा ठरला. दोन दिवस इंटरनेट बंद होते. उधारीचा हिशेब घरातील सूनबाई गूगल शीट्समध्ये ठेवीत असत. ती फाइल ऑफलाइन वापरासाठी आधीच उपलब्ध करून ठेवलेली असल्याने काम अडले नव्हते. कागदी चिठ्ठ्या फाडणे त्याच वर्षी बंद केले होते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी, दुकानात पाय ठेवण्यास जागा नसताना, टॅब गोठला. पडदा दिसत होता, परंतु बोटाला दाद देईना.

दोन दिवसांची उधारी अन्यत्र कोठेही लिहिलेली नव्हती. शेतकरी गिऱ्हाइकांची उधारी सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर फिटते, आणि तेव्हा दुकानदाराला आकडा निःशंकपणे सांगता आला पाहिजे. कमी सांगितला तर पेढीचे नुकसान होते. अधिक सांगितला तर पेढीचे नाव जाते, आणि तालुक्याच्या गावात ते फार दूरवर जाते.

"काका, रिसेट मारतो. पाच मिनिटांत चालू होईल," असे म्हणत पुतण्याने टॅब हाती घेतला.

"थांब जरा," सूनबाईंचे सासरे म्हणाले, "आधी पडद्यावर जे दिसतंय, त्याचा फोनवर फोटो काढ. मग काय करायचं ते बघू."

त्या सायंकाळी झालेल्या सर्व गोष्टींत हीच सर्वांत शहाणपणाची होती. गोठलेला पडदा म्हणजे उघडी राहिलेली कच्ची वही. ती मिटण्यापूर्वी उतरवून घेण्यास कोणतेही तंत्रज्ञान लागत नाही. फोटो काढून झाल्यावर टॅबचे जाड आवरण काढले, चार्जर लावला आणि पंधरा मिनिटे त्यास कोणी हात लावला नाही. पुष्कळदा टॅब मेलेला नसतो, कामाच्या ओझ्याखाली दमलेला असतो, आणि एवढ्या विश्रांतीने शुद्धीवर येतो. हा मात्र आला नाही. तेव्हा पॉवरचे आणि आवाज कमी करण्याचे अशी दोन्ही बटणे एकत्र, सात सेकंदांहून अधिक काळ दाबून धरली. सॅमसंगच्या टॅबची सक्तीने पुन्हा सुरू होण्याची रीत अशी आहे. होम बटण नसलेल्या आयपॅडवर आवाजाची दोन्ही बटणे एकामागून एक दाबून सोडावी लागतात आणि मग वरचे बटण सफरचंदाचे चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवावे लागते. याने रॅम रिकामी होते; स्टोरेजमधील फाइली जागेवर राहतात. नावात 'री' आहे म्हणून रीस्टार्ट आणि रिसेट यांना सख्खी भावंडे समजू नये.

टॅब सुरू झाला आणि त्याने पिन मागितला. पुन्हा सुरू झाल्यानंतर पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिनच द्यावा लागतो. आणि पिन ठाऊक असलेला मुलगा मार्केट यार्डात होता. तिजोरीच्या किल्लीचा ठिकाणा घरातील दोघांना माहीत असतो, टॅबच्या पिनचा मात्र एकालाच. फोन लागेपर्यंत अर्धा तास गेला.

शीट उघडली तेव्हा दोन दिवसांच्या सर्व नोंदी तेथे होत्या. नव्हती ती केवळ शेवटच्या चौकटीतील रक्कम. आकडा टंकून झाला होता, पण एंटर दाबलेले नव्हते. ती रक्कम फोटोत मिळाली. सासऱ्यांनी प्रत्येक खात्याची बाकी प्रथम कागदावर उतरवून घेतली आणि मगच फोनच्या हॉटस्पॉटवरून टॅब इंटरनेटला जोडू दिला.

पुतण्याने फॅक्टरी रिसेट केला असता तर यांतील काहीच उरले नसते. 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून नव्या टॅबमधील साठवण सांकेतिक रूपात ठेवणे बंधनकारक आहे. आयपॅडमध्येही तशीच व्यवस्था असते. रिसेटमध्ये त्या संकेताची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे पुढे चिप काढून वाचली तरी निरर्थक अक्षरांपलीकडे काही हाती लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानात 'डेटा गेला तर चालेल ना?' असे सहज विचारले जाते. या प्रश्नाला घाईत मान हलवणे म्हणजे कोऱ्या चेकवर सही करण्यासारखे आहे.

लहान दिसणाऱ्या इतर कृतीही तितक्याच घातक ठरतात. ॲपच्या सेटिंगमधील 'क्लिअर कॅश' निरुपद्रवी असते, तर शेजारचे 'क्लिअर डेटा' सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी पुसते. ॲप काढून पुन्हा टाकणे किंवा टॅबवरून गूगल खाते हटवणे यांचा परिणामही तोच. टॅब सुरूच होत नसेल आणि इंग्रजी ओळींचा रिकव्हरी मेनू आला, तर त्यातील 'रिबूट' आणि, असल्यास, 'वाइप कॅश पार्टिशन' यांनी फाइलींना धक्का लागत नाही. 'वाइप डेटा' मात्र सर्व धुऊन नेते. संगणकाला जोडलेल्या आयपॅडसाठी 'अपडेट' आणि 'रिस्टोअर' असे दोन पर्याय पुढे येतात, त्यांत प्रथम 'अपडेट' निवडावा. तो मजकूर राखून प्रणाली नव्याने बसवण्याचा प्रयत्न करतो. पडदा दिसतो पण रीस्टार्टनंतरही स्पर्श चालत नाही, अशा वेळी ओटीजी जोडणीतून साधा माउस लावला तरी बहुतेक अँड्रॉइड टॅब वापरता येतो आणि आतील फाइली बाहेर काढता येतात. दीडदोनशे रुपयांची ही जोडणी गल्ल्यात पडून असावी.

त्या दुकानात एक गोष्ट मात्र गेलीच. डीलरला पाठवायच्या मालाची यादी एका साध्या लेखन-ॲपमध्ये टंकून ठेवली होती. तिला नाव दिले नव्हते, ती सेव्ह केलेली नव्हती आणि ते ॲप स्वतःहून काही जपणारे नव्हते. ती केवळ रॅममध्ये होती, आणि फोटो उधारीच्या शीटचा होता. रात्री शटर ओढून घेऊन सासरे आणि सूनबाई यांनी गोदामात फिरत, थप्प्या मोजत, आठवणीने यादी पुन्हा केली, या वेळी कागदावर. चार दिवसांनी माल उतरला तेव्हा साखरेची दोन पोती अधिक निघाली आणि पोह्यांचे एक कमी.