हरफांच्या कारखान्याचे स्थलांतर

परंड्याच्या किल्ल्याचा विषय निघाला की मलिक-ए-मैदान तोफेची गोष्ट निघतेच. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली ही तोफ काही काळ आमच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली. त्या कामी १० हत्ती आणि ४०० बैल लागले, असे सांगतात. एवढे ओझे ओढणे कठीण खरे. परंतु ओढताना तिच्यातून बार काढीत राहावे लागले नाही, हे त्या मुक्या जिवांचे भाग्यच म्हणावयाचे! संगणकाच्या जगात मात्र चालती वस्तू चालती ठेवूनच हलवावी लागते.

याचे एक उदाहरण आपल्या देवनागरीशीच निगडित आहे. 'कि' या अक्षरात वेलांटी उच्चारात मागून येते, पण लिहिताना पुढे बसते; 'सूर्य' शब्दातील र हा य च्या डोक्यावर जाऊन बसतो. पडद्यावर ही मांडणी करणाऱ्या आज्ञावलीचे नाव हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सर्वांत तिचा वास आहे. नाव फार्सी आहे. परंतु 'त्याने एक हरफही काढला नाही' असे म्हणणाऱ्या मराठी माणसास ते परके वाटू नये. तिचे मूळ लेखन सर्वांस खुले आहे. कोणीही वाचावे, सुधारावे.

परंतु मूळ लेखन म्हणजे शिधा, स्वयंपाक नव्हे. अनेक फाइली कोणत्या क्रमाने व कोणत्या यंत्रासाठी सिद्ध करावयाच्या, हे सांगणारी पाककृती निराळी असते; तिला बांधणीपद्धती म्हणू. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' रचला. १९९१ पासून त्यावर ऑटोकॉन्फ आदी साधनांचा मजला चढला. हे घर पुष्कळ वर्षे उत्तम नांदले. तथापि त्यातील एम-फोर भाषेतील सूत्रे उलगडणारी माणसे विरळ होत गेली. मसाल्याचे प्रमाण केवळ आजीच्या मुठीस ठाऊक असावे, तशी ती अवस्था! म्हणून फिनलंडच्या युसी पाकानेन यांनी आरंभिलेली 'मेसन' ही सुटसुटीत पद्धत अनेकांनी जवळ केली. हार्फबझमध्ये ती २०२० साली आली.

असे स्थलांतर एका रात्रीत होत नाही. जीस्ट्रीमर या ध्वनिचित्रांच्या आज्ञावलीसंग्रहाने २०१६ पासून दोन्ही चुली पेटत्या ठेवल्या. नवी फाइल आली की नोंद दोन्हीकडे करावयाची, असा दुहेरी खटाटोप! २०२० च्या १.१८ आवृत्तीत जुनी चूल उरली नाही. केडीईच्या मंडळींनी २००५ मध्ये एस्कॉन्सची वाट धरली, ती मानवेना असे दिसताच २००६ मध्ये सीमेककडे वळले. माघार घेण्याचे हे धैर्यही प्रवासाचाच भाग होय.

माझी पुतणी पुण्यास याच क्षेत्रात काम करते. दिवाळीत ती परंड्यास आली असता मी विचारले, "चालते आहे ते मोडावे कशाला?"

ती म्हणाली, "काका, जुने वाईट नव्हते. पण इथल्या एखाद्या मुलीला आपले जोडाक्षर तुटलेले दिसले आणि ते दुरुस्त करावेसे वाटले, तर तिचा पहिला आठवडा चूल पेटवण्यातच जाऊ नये."

"मग जुन्या जाणत्यांचे काय?"

"त्यांचीच तर खरी गरज! जुन्या फाइलीतील प्रत्येक विचित्र ओळीमागे कोणाचे तरी कधी काळी अडलेले यंत्र असते. ते त्यांनाच आठवते."

हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. आपल्या घरांतूनही कितीतरी रीती आपण 'जुनाट' म्हणून टाकतो, किंवा 'परंपरा' म्हणून जशाच्या तशा वाहतो. त्या का पडल्या, हे विचारण्याची तसदी कोणीच घेत नाही. विचारावयाचे तर सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारावे. नव्या हातांना वाट मोकळी करणे आणि जुन्या मुखांतून कारणे ऐकून घेणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावयाची असतात. त्यांपैकी एक राहिले, तर स्थलांतर होते खरे, पण घर पोहोचत नाही.