आपत्तीची जात आणि पोरांचे खेळ

पावसाला जात नसते, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. मान्य. पण पाणी आधी कुणाच्या घरात शिरते ते पाहिले की जात दिसू लागते. विठ्ठलवाडी परिसरात वालधुनीच्या आणि नाल्यांच्या काठाला जी घरे उभी आहेत, ती तिथे हौसेने बांधलेली नाहीत. गावात ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यापैकी कितीतरी जण पोटासाठी शहरात आले, तेव्हा त्यांना परवडणारी जागा नाल्याच्या काठीच मिळाली.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरही पाण्याखाली गेले होते. 2014 मध्ये वालधुनीत विषारी रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून दवाखान्यात न्यावे लागले. शेजारच्या डोंबिवली एमआयडीसीत 2016 आणि 2024 च्या मे महिन्यात स्फोट होऊन माणसे मेली. आपल्या पोरांसाठी आपत्ती हा पुस्तकातला धडा नाही. ती दाराबाहेर उभी आहे.

म्हणून आम्ही रविवारी बुद्ध विहारात वस्तीतल्या 10 ते 15 वर्षांच्या मुलामुलींना स्काउटच्या पद्धतीने, खेळांतून आपत्तीची तयारी शिकवतो. यावर चळवळीतले काही मित्र विचारतात, "पुनर्वसनाचा, नालेसफाईचा लढा सोडून पोरांना गाठी मारायला काय शिकवता?" प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.

पहिली गोष्ट, लढ्याला वर्षे लागतात आणि पाणी चढायला एक तास पुरतो. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली. एनडीआरएफ, नौदल, होड्या, हेलिकॉप्टर सगळे आले, तरी पहाटेपासून अडकलेले हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर यायला दुपार झाली. साऱ्या देशाचे लक्ष असलेल्या गाडीची ही गोष्ट. आपल्या गल्लीत पहिल्या तासाला शेजारीच धावून येतो. त्या शेजाऱ्याला काय करायचे ते माहीत असले पाहिजे.

आमचे खेळ साधे आहेत. एका चादरीवर वीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट पाहू द्यायच्या आणि झाकायच्या. हा स्काउटचा जुना खेळ. आम्ही त्यात बॅटरी, ओआरएसची पाकिटे, शिट्टी, आजीच्या गोळ्या, आधार कार्ड आणि जातीचा दाखला ठेवतो. आठवून झाले की विचारतो, घर सोडताना यातल्या कोणत्या पाच वस्तू उचलाल? कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उंचावर ठेवायचे, हे मुले घरी जाऊन आईला सांगतात. दाखला भिजून गेला तर पुढचे वर्षभर कोणते खेटे पडतात, हे आपल्या आयांना सांगावे लागत नाही.

दुसरा खेळ दोरीचा. अर्धी पाण्याने भरलेली बाटली दोरीला बांधून दूरच्या खुणेवर फेकायची. नियम एकच: वाहत्या पाण्यात उतरायचे नाही, दोरी फेकायची आणि मोठ्यांना हाक मारायची. तिसरा खेळ वाऱ्याचा. रुमाल धरून वारा कुठून येतो ते ओळखायचे. नाल्यातून उग्र वास आला तर तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याला आडवे, उंचावर जायचे. चौथा खेळ फोनचा. धापा टाकत आलेल्या मुलाने 112 वर काय झाले, कुठे झाले, किती जण अडकले, हे तीन वाक्यांत सांगायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचा खेळ नकाशाचा. मुले वस्तीचा नकाशा काढतात. कुठल्या घरात चालता न येणारे आजोबा, कुठे गरोदर ताई, पाणी पहिल्यांदा कुठे साचते, विजेचा उघडा डबा कुठे, कोणत्या गटारावर झाकण नाही. हा नकाशा पावसाळ्यापूर्वीच्या अर्जाला जोडून पालिकेत देता येतो. पोरांचा खेळ इथे निवेदन होतो. लढा सुटला, असे म्हणणाऱ्या मित्रांना आमचे हे दुसरे उत्तर.

काही जण म्हणतात, स्काउट ही साहेबांची चळवळ. खरे आहे. 1909 मध्ये ती भारतात आली तेव्हा भारतीय मुलांना तिचे दार बंद होते. पुढे ॲनी बेझंट, मालवीय यांनी वेगळ्या संघटना काढल्या आणि 7 नोव्हेंबर 1950 ला भारत स्काउट्स आणि गाइड्स उभी राहिली. ज्ञान कुणी अडवून धरले म्हणून ते त्याचे होत नाही, हे चवदार तळ्याच्या वारसांना वेगळे सांगायला नको. शिस्तही आपल्याला परकी नाही. समता सैनिक दल ही बाबासाहेबांचीच देणगी. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी सांभाळणारे हात आपलेच असतात.

तिसरी गोष्ट हक्काची. 2001 च्या गुजरात भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत वाटतानाही जात पाळली गेली, दलितांना छावण्यांत आणि पाण्यावर भेदभाव सोसावा लागला, याच्या नोंदी आहेत. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 61 सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. आम्ही मुलांना दोन रांगांचा खेळ खेळवतो. एका रांगेला बिस्किटे मिळतात, दुसरीला "नंतर या" म्हणतात. मुले चिडतात. मग कलम 61 वाचून दाखवतो आणि कुणाला काय मिळाले याची वही कशी ठेवायची ते शिकवतो.

तयार असणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे. नाला साफ करणे, रसायन सोडणाऱ्यावर कारवाई करणे, सुरक्षित घर देणे हे शासनाचेच काम आहे आणि ते मागत राहू. पण मागण्यासाठी आपली माणसे जिवंत राहिली पाहिजेत.

तरुण मित्रहो, तुमच्या वस्तीत विहार आहे, रविवार आहे आणि पोरे आहेत. एक दोरी, एक चादर आणि नकाशासाठी कोरा कागद एवढ्यावर सुरुवात होते. पावसाळ्याची वाट पाहू नका.

जय भीम!