माराचे सिंह : लेखांक तिसरा

सोमवार, तालेक नदीकाठ

नैवाशाहून सकाळी निघालो, नारोकला चहा घेतला आणि सेकेनानी फाटकातून मसाई मारात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फेब्रुवारीत तिथे काय बघणार, असं पुण्यातून निघताना बऱ्याच जणांनी विचारलं होतं. खरं आहे, वाइल्डबीस्टचे लाखोंचे कळप सध्या दक्षिणेला सेरेंगेटीच्या आखूड गवतावर विताहेत. ते इकडे सरकणार जुलैच्या सुमारास. सिंह मात्र त्यांच्यामागे जात नाहीत. कळपाची हद्द बाराही महिने तीच, शिकार मुबलक असो वा नसो. हद्द धरून बसलेला कळप टंचाईच्या दिवसांत जास्त कळतो असं मला वाटतं, म्हणून मी मुद्दाम हे दिवस निवडले.

मंगळवार

पहाटे डरकाळ्यांनी जाग आली. शांत हवेत डरकाळी आठ किलोमीटरवर ऐकू जाते, त्यामुळे मला अंतराचा काही अंदाज येईना. आमचा वाटाड्या मसाई आहे, याच भागात गुरं राखत वाढलेला. तंबूबाहेर उभा राहून तो ऐकत होता. "दोन नर आहेत. आणि आपल्या ओढ्यावरचे नाहीत," तो म्हणाला. ओढ्यावरच्या नरांनी उलट डरकाळी दिली नाही, हे त्याला जास्त खटकलं होतं.

उजाडल्यावर त्याने गाडी ओढ्याकडेच घेतली. वाटेत वारुळावर टोपी जातीचं एक हरीण उभं होतं. चरत नव्हतं, मान वळवत नव्हतं, नुसतं पूर्वेकडे बघत होतं. आम्ही त्याच्या नजरेच्या रोखाने निघालो आणि झुडपांपलीकडे चार सिंहिणी सापडल्या. त्या बीळ उकरत होत्या. आत वॉर्टहॉग होता.

हा डुक्कर बिळात मागे मागे सरकत शिरतो, म्हणजे तोंड आणि सुळे बाहेरच्या बाजूला राहतात. थोरली सिंहीण खांद्यापर्यंत आत शिरून दोन्ही पंजांनी माती ओढत होती. ओली माती तिच्या पोटाखालून मागे उडत होती. मधूनच ती झटकन मागे यायची, नाक फुरफुरायची, की दुसरी तिची जागा घ्यायची. उरलेल्या दोघी बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी दबा धरून. तासाहून अधिक वेळ हे चाललं. मग आतून धडपड ऐकू आली आणि थोरलीने डुक्कर नाकाडाला धरून बाहेर खेचला. त्याचा चीत्कार फार वेळ टिकला नाही.

चार मोठी तोंडं आणि एक डुक्कर. पाच छावे गवतातून धावत आले तोवर मांस जवळजवळ संपलं होतं. आईने गुरगुरून त्यांना लांब ठेवलं. पोट भरल्यावर मात्र तीच आडवी झाली आणि तिला तिचे दोन आणि दुसरीचा एक असे तिघे लुचू लागले. कळपातल्या माद्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, हे वाचलेलं होतं. मांस राखून ठेवणारी आई दूध कुणालाही देते, हे डोळ्यांनी बघणं वेगळं.

बुधवार

आज फिरणं कमी, ओळख जास्त. सिंहाच्या मिशा जिथून उगवतात तिथे काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. सगळ्यात वरच्या ओळीच्याही वर दोन-चार सुटे ठिपके असतात, ते खालच्या ओळीतल्या कोणत्या ठिपक्यांच्या वर पडतात ते टिपायचं. दोन्ही गालांची खूण वेगळी आणि ती जन्मभर बदलत नाही. पेनिक्विक आणि रुडनाई यांनी १९७० मध्ये ही पद्धत मांडली, अजून तीच वापरात आहे. वाटाड्याच्या वहीत प्रत्येक मादीचे दोन गाल काढलेले आहेत. थोरली गाडीच्या सावलीत येऊन पडली तेव्हा दुर्बिणीचीही गरज उरली नाही. उजव्या गालावर तीन ठिपके, तिसरा जरा मोठा. नाक जवळजवळ पूर्ण काळं, म्हणजे वय झालेलं. वहीप्रमाणे तिची आई आणि आजी याच ओढ्यावरच्या.

नर तेवढे बदलत राहिले.

गुरुवार

ओढ्यावरच्या नरांपैकी एक सापडला. एकटाच, मागच्या मांडीवर ताजी जखम, माशा घोंघावताहेत. त्याचा जोडीदार कुठेच दिसला नाही.

नराचं आयुष्य आखूड आणि खडतर. दोन-तीन वर्षांचा झाला की कळपातून बाहेर पडायचं, भावांबरोबर भटकायचं, चार-पाच वर्षांचा होऊन अंगात बळ आलं की एखादा कळप हिसकावायचा आणि तो दोन-तीन वर्षं टिकला तरी पुष्कळ. त्यासाठीच युती लागते. दोघं-तिघं असतील तर ते परकेही असू शकतात. चार किंवा त्याहून मोठी युती सख्ख्या-चुलत भावांचीच निघते. क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरेंगेटीत रक्ताच्या नमुन्यांवरून हे दाखवलं. मोठ्या युतीत काहींच्या वाट्याला पिल्लंच येत नाहीत, आणि पुतणे वाढवायचे तर भाऊच हवा. मारात गाजलेला स्कारफेस असाच चौघांतला एक. उजव्या डोळ्यावर व्रण असलेला हा सिंह २०२१ च्या जूनमध्ये वार्धक्याने गेला, सुमारे चौदा वर्षांचा होऊन. जंगलातल्या नराला एवढं वय क्वचितच लाभतं.

नवे नर ताबा घेतात तेव्हा लहान छावे मारून टाकतात. मादी त्यानंतर लवकर माजावर येते. नाहीतर त्यांना वर्ष-दीड वर्ष थांबावं लागलं असतं, आणि तितका काळ त्यांच्या हाती असेलच असं नाही. कारण समजतं. परवा दूध पिणारे ते पाच छावे चार महिन्यांचे आहेत, म्हणून मला ते सोसत नाही. संध्याकाळी ओढ्यावर गेलो तर जागा रिकामी. ठसे दक्षिणेकडे गेलेले, मोठे आणि लहान, एकत्र. माद्यांनी छावे हलवले होते. एकटीपेक्षा चौघींचा पहारा पिल्लांना जास्त वाचवतो, आणि या चौघी एकमेकींना सोडून गेलेल्या नव्हत्या.

शुक्रवार

सकाळभर मुसियाराच्या दलदलीवर. बीबीसीच्या मालिकेमुळे मार्श प्राइड हा इथला कळप जगाला माहीत झाला. २०१५ च्या डिसेंबरात कुणीतरी गाईच्या मढ्यावर कीटकनाशक टाकलं. टीव्हीवर लाखोंनी पाहिलेली बीबी ही म्हातारी सिंहीण त्यात मेली, आणखीही दगावले. वाटाड्याला त्याबद्दल विचारलं तेव्हा तो बराच वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, "माझ्या वडिलांची गुरंही सिंहाने नेलीत. विष घालणं चूकच. पण गाय गेलेल्या घरात तुम्ही कधी बसलाय का?" मी बसलेली नाही. पर्यटकांच्या पैशातून त्या घरापर्यंत किती पोहोचतं, यावर माराचे सिंह टिकणार की नाही हे ठरेल, असं माझं ठाम मत होत चाललंय. तालेकच्या उत्तरेला मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून राखीव क्षेत्रं केली आहेत आणि त्यांना दरमहा भाडं मिळतं. मध्ये कुंपण नाही, सिंह दोन्हीकडे फिरतात.

दुपारी दक्षिणेकडचा माग काढला. चार माद्या बाभळीखाली पडल्या होत्या, छावे चार. पाचवा तासभर वाट पाहूनही दिसला नाही. वाटाड्याने वहीत चार लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

ते दोन अनोळखी नर आज सकाळी ओलारे मोतोरोगीच्या राखीव क्षेत्रात दिसल्याचं रेडिओवर कळलं. तिथे मुक्कामाला असणाऱ्यांनाच गाडी आत नेता येते, म्हणून उद्या तंबू तिकडे हलवतोय.

(क्रमशः)